भूक एकाची, खूण दुसऱ्याच्या अंगी

गेल्या कार्तिकी एकादशीस एका गावी आमचे कीर्तन झाले. निरूपणात उपवासाचा विषय ओघाने आला, तेव्हा आमचे नेहमीचे एक वाक्य आम्ही बोलून गेलो. "पोटासारखा कृतघ्न चाकर नाही. वर्षभर जेवू घाला आणि एक दिवस चुकवा, लगेच ओरड करतो. उलट चार दिवस उपाशी ठेवा, पाचव्या दिवशी पुरणपोळी वाढा, की मागचे सारे विसरतो. म्हणून त्याच्या ओरडण्याकडे लक्ष देऊ नये." मंडळी हसली. गेली चाळीस वर्षे या वाक्याला मंडळी हसत आली आहेत.

दुसरे दिवशी द्वादशीचे पारणे यजमानांच्या घरी होते. त्यांची नात पुण्यास जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. ती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "महाराज, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

आम्ही म्हटले, "विचार की, बाळ."

"पोट विसरतं हे खरं. पण पेशी विसरत नाहीत."

वाचक सज्जनहो, मुलगी एवढेच बोलली, पण आमचा घास हातातच राहिला. आमचे शिक्षण पाठशाळेतले. तर्कसंग्रह, मुक्तावली, अर्थसंग्रह हे ग्रंथ गुरुजींपुढे मांडी घालून घोकले. इंग्रजीशी संबंध पाकिटावरच्या पत्त्यापुरता. पण एवढे त्या शिक्षणाने अंगी बाणले आहे की, पूर्वपक्ष ऐकल्यावाचून उत्तर देऊ नये. तेव्हा तिला म्हटले, सवडीने ये आणि सारे नीट सांग. ती पुढे दोन वेळा येऊन गेली. शोधनिबंध वाचावेत आणि त्यांचा अर्थ मराठीत सांगावा, असे तिने केले. त्यातून जे आमच्या पदरात पडले ते येथे मांडतो. कारण त्यात एक असा धर्मप्रश्न आहे की ज्याने आमची झोप काही दिवस उडवली.

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हरताळ ठाऊक असेल. नक्कल उतरणाराच्या हातून चुकीचे अक्षर पडले तर त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत. अक्षर खाली असतेच, पण वाचणारा ते सोडून पुढे जातो. (हरताळ फासणे हा शब्दप्रयोग तेथूनच आला. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ तो निराळा.) मनुष्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशी एक पोथी आहे. तिला डीएनए म्हणतात. एका पेशीतला हा धागा ताणून धरला तर सुमारे दोन मीटर भरतो, इतका तो लांब आणि तितकाच बारीक. त्यात वीस हजारांच्या आसपास जनुके आहेत, ती या पोथीतली प्रकरणे समजावीत. आता डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत पोथी एकच, तर एकीने पाहावे आणि दुसरीने पित्त करावे हे कसे? तर प्रत्येकीने आपल्याला नको ती प्रकरणे झाकून ठेवली आहेत. झाकण्याचे एक साधन म्हणजे मिथाइल नावाचा ठिपका; एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच तो. जनुकाच्या आरंभाशी तो बसला की ते जनुक बहुधा वाचले जात नाही. दुसरे साधन गुंडाळीचे. हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट तेथले वाचन बंद, सैल तेथले सुरू. मूळ अक्षर न बदलता वाचन बदलून टाकणाऱ्या या खुणांना एपिजेनेटिक खुणा असे नाव आहे.

आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा पोथीची नक्कल उतरते. त्या वेळी अक्षरांबरोबर हरताळही उतरून घेतला जातो. म्हणून ज्या पेशीवर खूण पडली ती केव्हाच मरून गेली तरी तिच्या वंशात ती खूण पन्नास-साठ वर्षे राहू शकते. बरे, हा मिथाइलचा ठिपका शरीरात येतो कुठून? तर पुष्कळसा अन्नातून. पालेभाजीतले फोलेट, दुधातले बी-१२, यांच्या साहाय्याने शरीर तो घडवते. म्हणजे शाई ताटातूनच येते. ताट उणे झाले तर पोथीवरचा हरताळ इकडचा तिकडे होतो, यात मग नवल ते काय!

मधमाशीचे उदाहरण या ठिकाणी फार सुंदर आहे. राणी आणि कामकरी माशी यांची पोथी सारखीच. पहिले तीन दिवस सगळ्या अळ्यांना एकच राजान्न मिळते. पुढे जिला राणी व्हायचे तिला तेच चालू राहते, आणि बाकीच्यांच्या वाट्याला मध-परागांचा साधा आहार येतो. तेवढ्यावरून एक काही वर्षे जगते व अंडी घालते. दुसरी उन्हाळ्यात राबून दीड महिन्यात मरते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अळ्यांमध्ये हरताळ लावणारे प्रथिनच कमी केले, तर त्यातल्या बहुतेक अळ्या साध्या आहारातली नशिबे सोडून राणीच्या रूपाने बाहेर आल्या. लहानपणीचे जेवण जन्मभर पुरले ते या मार्गाने.

आता कमी खाण्याकडे येऊ. मुलीने पहिल्या दिवशी जे सांगितले ते ऐकून आम्ही मनातून फार सुखावलो होतो, हे कबूल केले पाहिजे. १९३५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मॅके नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवले की, उंदरांना पोषक द्रव्ये पुरी देऊन अन्न मात्र कमी दिले तर ते अधिक जगतात. २०१७ साली माकडांच्या रक्तातील खुणा तपासल्या, तेव्हा तीस टक्के कमी खाणारी माकडे आपल्या वयाच्या मानाने सुमारे सात वर्षांनी तरुण दिसली. त्यानंतर माणसांची पाळी. अमेरिकेत सुमारे २२० निरोगी आणि लठ्ठ नसलेले स्त्रीपुरुष निवडून त्यांच्यातील बहुतेकांनी दोन वर्षे आपला आहार चतुर्थांशाने कमी करावा असे ठरले. ठरले पंचवीस टक्के, घडले सरासरी बारा टक्के. (आमच्या चातुर्मासाच्या संकल्पांचेही असेच होते, म्हणून हसू नये.) तरीही २०२३ मध्ये त्यांच्या रक्तातील मिथाइलच्या खुणा पाहून जे गणित मांडले त्यात वार्धक्याची चाल दोन ते तीन टक्क्यांनी मंदावलेली आढळली. माप लावण्याच्या इतर दोन पद्धतींत फरक दिसला नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितले.

आम्ही तेवढ्यावर खूश. म्हटले, झाले! आता एकादशीच्या कीर्तनाला सायन्सचा दाखला मिळाला. मुलगी म्हणाली, "थांबा महाराज, अजून हॉलंड राहिलंय."

१९४४ च्या सप्टेंबरात दोस्त सैन्याला मदत व्हावी म्हणून हॉलंडच्या रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मन सत्तेने देशाच्या पश्चिम भागात जाणारे अन्न अडवले. पुढे बंदी थोडी सैल झाली, तोवर थंडीने कालवे गोठले आणि होड्या चालेनात. शहरातले रेशन दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेले, शेवटी शेवटी पाच-सहाशेवर आले. म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन भाकऱ्या समजा, त्याही चोवीस तासांना. लोकांनी ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाल्ले. वीस हजारांच्या आसपास माणसे मेली. १९४५ च्या मे महिन्यात देश मुक्त झाला आणि अन्न आले. असा हा दुष्काळ जवळजवळ तारीख सांगून आला आणि तारीख सांगून गेला. त्यापूर्वीही लोक पोटभर जेवत होते आणि नंतरही. शिवाय रेशनचे आकडे आणि बाळंतपणाच्या नोंदी शाबूत राहिल्या. त्यामुळे त्या हिवाळ्यात कोणते मूल आईच्या पोटात कितव्या महिन्याचे होते हे नंतरच्या अभ्यासकांना सांगता आले.

२००८ साली अशा साठ माणसांचे रक्त तपासले, ज्यांचा गर्भच मुळी त्या भुकेच्या दिवसांत राहिला होता. तुलनेला त्यांचेच सख्खे भाऊ किंवा बहिणी घेतल्या, जे सुकाळात पोटात होते. वाढीशी संबंध असलेले आय.जी.एफ.-२ नावाचे एक जनुक आहे. त्यावरचा मिथाइलचा लेप भुकेच्या मुलांत भावंडांपेक्षा विरळ निघाला. आणि हे केव्हा? साठ वर्षांनंतर! ती मुले म्हातारी झाली, आई देवाघरी गेली, हॉलंड श्रीमंत झाले, पण पाच-सहा महिन्यांची ती भूक पोथीच्या समासात तशीच. यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. ज्यांच्या वाट्याला भूक गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत आली ती मुले जन्मतः वजनाला कमी होती, पण त्यांच्यात ही खूण आढळली नाही. ज्यांना ती अगदी आरंभी लागली, ती मुले जन्मताना वजनाने नेहमीसारखी होती. सुईणीने पाहून म्हणावे, बाळ छान आहे. आणि खूण तर आत पडलेली.

२०२४ मध्ये वार्धक्याची चाल मोजणारे ते अमेरिकेतलेच माप या हॉलंडच्या लोकांना लावले. नऊशेहून अधिक माणसे होती. गर्भात असताना ज्यांनी भूक सोसली त्यांची म्हातारपणाकडची चाल इतरांपेक्षा जलद निघाली, स्त्रियांमध्ये विशेष.

माप एकच. एकीकडे अन्न कमी केले तर चाल मंदावली, दुसरीकडे अन्न कमी झाले तर चाल वाढली. 'केले' आणि 'झाले' या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे पाहा! अमेरिकेतील माणसे वयात आलेली होती. त्यांनी स्वतः होकार दिला होता. जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू होत्या. कोणी अशक्त झाल्यास वैद्य जवळ होते. आणि त्यात गर्भिणी स्त्री एकही घेतलेली नव्हती. हॉलंडच्या बाळांना कोणी काही विचारले नव्हते.

म्हाताऱ्या वाचकांसाठी, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी, एक कडू गोष्ट सांगून पुढे जातो. जर्मनीत कलोन येथे उंदरांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. जे उंदीर म्हातारे होईपर्यंत मनसोक्त जेवले आणि मग ज्यांचे अन्न कमी केले, त्यांना दीर्घायुष्याचा लाभ जवळजवळ मिळालाच नाही. त्यांच्या चरबीने जुन्या मेजवान्यांची आठवण धरून ठेवली होती. आणि तरुणपणापासून मिताहारी राहिलेल्या उंदरांना म्हातारपणी मोकळे सोडले, तर त्यांची कमाई लवकरच सरली. माणसांतही वजन उतरल्यावर चरबीच्या पेशी जुन्या लठ्ठपणाच्या खुणा बाळगतात, असे २०२४ मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. तेव्हा साठी उलटल्यावर उपवासाचा झपाटा लावणाऱ्यांनी फार आशेवर राहू नये. आणि ज्यांची एकादशी म्हणजे साबुदाण्याची परात, शेंगदाण्याचे लाडू आणि वर रताळ्याचा कीस, त्यांना आम्ही यात धरतच नाही. त्यांच्यासाठी 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण बायाबापड्यांनी केव्हाच करून ठेवली आहे.

पण आमची झोप उडाली ती या उंदरांमुळे नव्हे.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही अकरा वर्षांचे होतो. गाव मराठवाड्यातले. पाऊस दडी मारून बसला, विहिरी आटल्या, वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे. तिची भाकरी थापता थापता फुटे. कामावर मजुरांना सुकडी वाटत. आई आपल्या वाट्याची सुकडी पदराच्या गाठीत बांधून आणी आणि आम्हा तिघा भावंडांच्या हातावर ठेवी. "तू खाल्लीस का?" असे एखाद्या वेळी विचारले तर म्हणे, "मी कामावरच खाल्ली रे." त्या वेळी आमचा सर्वांत धाकटा भाऊ तिच्या पोटात होता. तो १९७३ च्या फाल्गुनात जन्मला.

ही सुकडीची गोष्ट आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितली आहे. मातेच्या त्यागाचा दृष्टान्त म्हणून सांगतो, बायका डोळ्यांना पदर लावतात, आमचाही कंठ दाटतो. पण मुलगी हॉलंडची हकीकत सांगत होती तेव्हा आमच्या ध्यानात आले की, इतक्या वर्षांत ही गोष्ट सांगताना आम्ही माणसे मोजली ती पाच. आईवडील आणि आम्ही तिघे. सहावा पोटात होता, त्याला मोजलेच नाही.

हा भाऊ अंगाने बारीक. व्यसन नाही, खाणे बेताचे. चाळिशीतच त्याला मधुमेहाने गाठले. आता येथे तर्कशास्त्र सांभाळले पाहिजे. एका माणसाच्या रोगावर बोट ठेवून, हा बाहत्तरच्या भुकेचाच, असे कोणासही म्हणता येणार नाही. शास्त्रज्ञ जे सांगतात ते शेकडो माणसांची तुलना करून सांगतात. व्याप्ती सिद्ध झाल्यावाचून अनुमान करू नये हे आम्ही मुक्तावलीत शिकलो आहोत. पण मनाला मुक्तावली कुठे ठाऊक असते!

यात आपल्या मुलखाचेही काम आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० नंतरच्या दशकात गर्भिणी स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन गावचे ३.५ किलोचे. पण आपल्या बाळात उणे पडले होते ते मांस. चरबी त्या मानाने शाबूत होती. दिसायला कृश आणि आतून चरबीचे, असे हे बाळ. ज्या आया पालेभाजी, दूध, फळे अधिक वेळा खात त्यांची बाळे अधिक भरलेली होती, हेही तेथेच आढळले. पुण्यातीलच उंदरांच्या एका वंशाला पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. त्यांच्यात मधुमेहाकडे कल दिसला, इन्शुलिनच्या जनुकापाशी हिस्टोनांच्या खुणा बदललेल्या दिसल्या. मग दोन पिढ्या पोटभर जेवू घातले, तरी ते पालटले नाही. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. उंदराचे माणसाला जसेच्या तसे लावू नये हे खरे. पण आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेली घरे किती, हे वारीला चालणाऱ्या माणसाला सांगायला नको.

आता प्रश्न असा. कर्म एकाचे आणि फळ दुसऱ्याला, हे कसे? आपल्या शास्त्रात याला फार मोठा दोष मानले आहे. केलेले वाया जाणे हा कृतनाश, आणि न केलेले अंगावर येणे हा अकृताभ्यागम. हे दोन्ही दोष टाळण्यासाठी तर कर्माचा सिद्धान्त उभा केला. मीमांसकांनी अपूर्व मानले तेही याच अडचणीतून. यज्ञ आज संपतो, फळ कैक वर्षांनी. मधल्या काळात कर्माचे काय उरते? तर कर्त्याच्या ठिकाणी अपूर्व नावाची न दिसणारी शक्ती उरते. हे ऐकून आमचे एक शिष्य आनंदाने म्हणाले, "महाराज, म्हणजे एपिजेनेटिक्स आपल्याकडे होतेच की! तेच अपूर्व." आम्ही त्यांना तेथेच थांबवले. अपूर्व अदृष्ट आहे, ही खूण यंत्राने दिसते. अपूर्व आत्म्याच्या ठिकाणी, ही शरीरात. आणि सर्वांत मोठा भेद हा की, अपूर्व कर्त्यापाशी राहते. ही खूण मात्र ज्याने काहीच केले नाही त्याच्या अंगी जाऊन बसते. जैमिनींना जे माहीत नव्हते ते त्यांच्या नावावर चढवून त्यांचा मान वाढत नाही.

कोणी म्हणेल, बाळाचे पूर्वजन्मीचे कर्मच तसे असेल. हे उत्तर आम्ही स्वतः अनेकांना देऊन गप्प बसवले आहे. पण हॉलंडचे अन्न माणसांनी अडवले होते. कागदावर हुकूम निघाला होता. ज्याने हुकूम काढला त्याला सोडून द्यावे आणि पोटातल्या बाळाच्या मागच्या जन्माचा झाडा घ्यावा, हा कोणता न्याय? शेजाऱ्याच्या घराला कोणी आग लावली तर, जळाले त्याचे प्रारब्ध असे म्हणून आपण आग लावणाऱ्याला जेवायला बोलवीत नाही. प्रारब्धाचे उत्तर आपल्या स्वतःच्या दुःखापुरते माणसाने स्वतःला द्यावे. दुसऱ्याच्या भुकेला ते देऊ लागलो की, आपल्या हातून घडलेलेही त्यातच दडून जाते.

आणि शास्त्र धुंडाळताना आम्हाला मीमांसेतच एक जुने अधिकरण आठवले. मुलगा झाला की बापाने वैश्वानर-इष्टी करावी, असे विधान आहे. करणारा बाप, फळ मुलाला. म्हणजे एकाचे कर्म दुसऱ्याला फळते हे एका ठिकाणी तरी मीमांसकांनी सरळ मान्य केले आहे. पण पुढची चर्चा अधिक मोलाची. ही इष्टी जन्माबरोबर लगेच करावी, की जातकर्म झाल्यावर? निमित्त जन्माचे, तेव्हा लगेच करणे प्राप्त. परंतु जातकर्म होईपर्यंत बाळाला स्तन्य द्यायचे नाही. इष्टी आधी करीत बसले तर तेवढा वेळ बाळ उपाशी राहील आणि दगावेल. मग इष्टीचे फळ कोणाला? म्हणून आधी जातकर्म, बाळाला दूध, आणि इष्टी पुढे. पाठशाळेत हे अधिकरण आम्ही तोंडपाठ म्हणून दाखवले होते, गुरुजींनी पाठ थोपटली होती. पण ज्या बाळासाठी यज्ञ, त्याच्या भुकेपुढे यज्ञालाच थांबवले आहे, हे त्या वेळी डोक्यात शिरले नाही. पासष्टाव्या वर्षी शिरले.

मग उपवासाचे काय? आम्ही उपवासाच्या विरुद्ध झालो असे कोणी समजू नये. आमची एकादशी चालू आहे, चालू राहील. स्वतःच्या ताटातले स्वतः कमी करणे ही साधना आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे. त्या दोहोंमधली वाट प्रौढ, धडधाकट माणसाने खुशाल चालावी. पण उपवास करणारा एकटाच असला पाहिजे. जिच्या पोटात दुसरा जीव आहे ती एकटी नसते. तिचा उपवास त्या दुसऱ्यावरही पडतो, आणि त्याचा संकल्प कोणी घेतलेला नसतो. धर्मशास्त्राच्या निबंधकारांना मिथाइल ठाऊक नव्हते, तरी गर्भिणी, बाळंतीण, बालक, वृद्ध, रोगी यांना त्यांनी उपवासातून सवलत दिली. गर्भिणीला नक्त, म्हणजे रात्री जेवणे, सांगितले. ही सवलत आम्ही पोथीत वाचली होती. कीर्तनात मात्र कधी उच्चारली नाही. उच्चारली तर उपवासाचा रंग फिका पडेल, असे वाटत असावे. टाळ्या निर्जळीला पडतात, नक्ताला पडत नाहीत.

आणखी एक बोलून टाकतो. आपल्या घरांतून सून सर्वांच्या मागून जेवते. भाजी संपलेली असते, दूध लहानांना आणि पुरुषांना गेलेले असते. तिला कोणी उपाशी ठेवले असे म्हणता येत नाही. ती जेवतेच, पण उरलेले. या जेवणाला आम्ही कीर्तनातून त्याग म्हणत आलो. हा त्याग तिचा तिने केला, की आपण सर्वांनी मिळून तिच्याकडून करवला, हे एकदा आपापल्या घरी पंगत मांडताना पाहावे.

पोटाच्या कृतघ्नपणाचे ते वाक्य आम्ही सोडले आहे. चाळीस वर्षांची सवय, जिभेवर येते, गिळतो.

माघी एकादशीला आम्ही गावी होतो. धाकट्या भावाला ही सर्व हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "दादा, म्हणजे माझ्या वाटणीची सुकडी तू खाल्लीस म्हण की!" आणि हसला. त्याला विनोदाची सवय आहे. आम्हाला हसता आले नाही. मग तोच म्हणाला, "अरे, तू अकरा वर्षांचा होतास. आणि आईने दिली ती काय तुला मोजून दिली?"

त्याची सून पाचव्या महिन्यात आहे. सकाळी नमस्काराला आली आणि म्हणाली, "मोठे काका, मी आज निर्जळीच धरलीय. तुमच्या कीर्तनात ऐकलं होतं ना."

आम्ही म्हटले, "सूनबाई, ते कीर्तन चुकलं होतं. आज तू जेवायचंस."

"अहो, पण लोक काय म्हणतील? महाराजांच्या घरची सून एकादशीला जेवते!"

"महाराजांनीच वाढलं म्हणून सांग."

भाकऱ्या घरात केलेल्या नव्हत्या. एकादशीला कोण करणार? शेजारून दोन मागवल्या. मेथीची भाजी भावजयीने नाइलाजानेच टाकली, पण टाकली. वाटीभर दही. ती आधी संकोचली, मग खाली मान घालून जेवू लागली. आम्ही समोर पाटावर बसून होतो. भाऊ दाराशी साखरेची गोळी हातात धरून उभा होता. तिचे ताट रिकामे झाले तेव्हा त्याने पाणी मागितले.